नव्या सुरांचे पाठीराखे

कवीने कविता लिहिली, की ती कोणालाही वाचता येते. चित्रकाराने चित्र रंगविले, की ते भिंतीवर टांगताच पाहणाऱ्याच्या नजरेत भरते. आपल्याकडील गवई मैफिलीत बसला, की तंबोऱ्याच्या व तबल्याच्या साथीवर त्याच क्षणी राग उभा करतो. पाश्चात्त्य देशांतील वाद्यवृंदाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे रचनाकार आपल्या खोलीत बसून कागदावर स्वरलिपी लिहितो. व्हायोलिनने काय वाजवायचे, बासरीने काय, कर्ण्याने काय आणि नगाऱ्याने काय, हे सारे तो बारकाईने लिहून ठेवतो. परंतु ऐंशी-नव्वद वादक एकत्र बसून ती रचना वाजवीत नाहीत, तोपर्यंत ती मुकीच असते. खुद्द रचनाकारालाही तोवर ती मनाच्या कानांनीच ऐकावी लागते.

इतक्या वादकांना एकत्र आणून, हातातील छडीच्या इशाऱ्याने त्यांच्याकडून रचना वाजवून घेणाऱ्या माणसास वाद्यवृंदसंचालक म्हणतात. कोणती रचना वाजवायची, हे बहुधा तोच ठरवितो. जुन्या, नावाजलेल्या रचना वाजविल्या, तर सभागृह भरते आणि टाळ्याही मिळतात. अनोळखी नवी रचना घेतली, तर तालमी अधिक कराव्या लागतात, श्रोते नाके मुरडतात, आणि वृत्तपत्रांतून टीकाही होते. म्हणून पुष्कळसे संचालक मळलेल्या वाटेनेच जातात. पण आज जुनी म्हणून गाजणारी प्रत्येक रचना एके काळी नवीच होती, आणि कोणीतरी धैर्य करून ती पहिल्याने वाजविली होती. ही गोष्ट ज्यांनी ओळखली आणि आपली कीर्ती, आपले धन व आपले आयुष्य नव्या रचनाकारांच्या पाठीशी उभे केले, त्यांत सर्ज कूसेवित्स्की यांचे नाव अग्रभागी आहे.

रशियात मॉस्को व सेंट पीटर्सबर्ग या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान व्हिश्नी व्होलोचोक नावाचे एक लहान गाव आहे. या गावी २६ जुलै १८७४ रोजी एका ज्यू कुटुंबात सर्जचा जन्म झाला. आईवडील दोघेही वादक होते. घरात पैसा बेताचाच होता. परंतु सुरांना तोटा नव्हता. चालता-बोलता येऊ लागले, तसे वाद्यांशीही सर्जचे नाते जुळले. व्हायोलिन, चेलो, पियानो अशी वाद्ये तो लहानपणीच हाताळू लागला. गावातील शिक्षण आता पुरे पडणार नाही, हे त्याला लवकरच कळून आले. त्याचे सारे लक्ष मॉस्कोकडे लागले.

परंतु मॉस्कोची वाट सोपी नव्हती. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर अनेक निर्बंध होते. मॉस्कोसारख्या शहरात राहण्याची मुभा त्यांना सहसा मिळत नसे. चौदाव्या वर्षी सर्जने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व त्यानंतरच त्याला मॉस्कोत राहून शिकता आले. विद्या मिळविण्यासाठी एवढ्याशा मुलाला आपल्या वाडवडिलांचा धर्म सोडावा लागला, यावरून त्या राजवटीतील अन्यायाची कल्पना येते.

मॉस्कोच्या फिलहार्मॉनिक सोसायटीने चालविलेल्या संगीतविद्यालयात सर्जला शिष्यवृत्ती मिळाली, ती डबल बास हे वाद्य शिकण्यासाठी. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातील थोरला भाऊ. तो माणसापेक्षाही उंच असतो. त्याच्या तारा जाड असतात व आवाज खोल आणि घुमणारा असतो. वाद्यवृंदात त्याची जागा बहुधा मागे किंवा एका कडेला. घराचा पाया जसा घर तोलून धरतो, पण कोणाच्या नजरेत भरत नाही, तसेच या वाद्याचे असते. एकट्या डबल बासचे वादन ऐकण्यासाठी लोक तिकीट काढून येतील, असे त्या काळी फारसे कोणाला वाटत नसे.

सर्जने मात्र त्या वाद्यावर अतोनात मेहनत घेतली. विसाव्या वर्षी, १८९४ साली, मॉस्कोतील प्रख्यात बोल्शॉय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. १९०१ साली तो तेथील डबल बास वादकांचा प्रमुख झाला. एवढ्यावर न थांबता त्याने मॉस्कोत व पुढे बर्लिनमध्ये एकट्या डबल बासच्या मैफिली केल्या. ज्या वाद्याकडे कोणी लक्ष देत नव्हते, ते त्याने रंगमंचाच्या मध्यभागी आणून ठेवले. लोक चकित झाले. मागे पडलेल्या सुराला पुढे आणण्याचा हा छंद कूसेवित्स्कींना पुढे जन्मभर पुरला.

१९०५ साली एका अतिश्रीमंत चहाव्यापाऱ्याची कन्या नताली उश्कोवा हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरची संपत्ती हाती आल्यावर कोणी चैनीत दिवस घालविले असते. कूसेवित्स्कींनी बोल्शॉयची नोकरी सोडली, पण ती आरामासाठी नव्हे. वाद्यवृंदसंचालक होण्याची त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पतिपत्नी बर्लिनला जाऊन राहिली. त्या शहरात आर्थर निकिश हे त्या काळचे श्रेष्ठ संचालक वाद्यवृंद चालवीत. त्यांचा हात कसा हलतो, डोळे काय सांगतात, वादकांकडून ते हवा तो सूर कसा काढून घेतात, याचे कूसेवित्स्कींनी बारकाईने निरीक्षण केले. शिवाय संगीताच्या विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद आपल्या घरी जमवून ते सुमारे दोन वर्षे संचालनाचा सराव करीत राहिले. १९०८ साली त्यांनी बर्लिनचा नामांकित फिलहार्मॉनिक वाद्यवृंद स्वखर्चाने ठरविला व संचालक म्हणून आपली पहिली मैफील केली. त्या दिवशी रशियन रचनाकार रखमानिनोव्ह यांनी स्वतः पियानोवर बसून आपली रचना वाजविली. आरंभच असा एका हयात रचनाकाराच्या सोबतीने झाला.

रचनाकारांमध्ये वावरत असता कूसेवित्स्कींच्या एक गोष्ट ध्यानी आली. नव्या रचनाकाराचे दुःख दुहेरी असे. एक तर त्याची रचना कोणी वाजवीत नसे. आणि दुसरे म्हणजे ती छापण्यास कोणी पुढे आले, तरी कष्टाच्या मानाने त्याच्या पदरात फारच थोडे पडे. छापलेली स्वरलिपी नसेल, तर दूरदूरच्या शहरांतील वादकांना ती रचना मिळावी तरी कशी? यावर उपाय म्हणून १९०९ साली पतिपत्नींनी आपल्या पैशाने एक संगीतप्रकाशन संस्था काढली. संस्थेचा नफा रचनाकारांना मिळावा, असा त्यांचा हेतू होता. कोणती रचना छापावी हे ठरविणाऱ्या मंडळात रखमानिनोव्ह, स्क्र्याबिन यांच्यासारखे रचनाकारच होते.

या संस्थेने छापलेल्या रचनांत इगोर स्ट्राव्हिन्स्की यांच्या रचना विशेष गाजल्या. स्ट्राव्हिन्स्की तेव्हा तिशीतले तरुण होते. त्यांची ‘वसंतोत्सव’ या अर्थाच्या नावाची नृत्यरचना १९१३ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा तिच्या आडदांड तालांनी आणि अपरिचित नृत्याने प्रेक्षकांत मोठा गोंधळ माजला. आरडाओरडीत वाद्ये ऐकू येईनाशी झाली. अशी बदनाम झालेली रचना हाती घेण्यास दुसरा एखादा संचालक कचरला असता. कूसेवित्स्कींनी पुढच्याच वर्षी, १९१४ साली, ती रशियातील श्रोत्यांना ऐकविली. आज ती विसाव्या शतकातील थोर रचनांपैकी एक मानली जाते.

नवे संगीत केवळ राजधानीतील श्रीमंतांनीच ऐकावे, हे कूसेवित्स्कींना मान्य नव्हते. त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला होता. १९१० साली त्यांनी एक आगबोट भाड्याने घेतली, तिच्यावर सारे वादक व त्यांची वाद्ये चढविली आणि व्होल्गा नदीतून प्रवासास प्रारंभ केला. व्होल्गा ही युरोपातील सर्वांत लांब नदी. तिच्या काठी अनेक शहरे वसली आहेत. पण एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचे दर्शन तेथील लोकांना क्वचितच घडे. बोट धक्क्याला लागे, वाद्ये उतरविली जात, गावात मैफील होई, आणि पुन्हा बोट पुढच्या शहराकडे निघे. या पहिल्या प्रवासात रचनाकार स्क्र्याबिन सोबत होते. नदीकाठच्या लोकांनी एका नव्या रचनाकाराला आपल्या डोळ्यांनी पियानो वाजविताना पाहिले. १९१२ व १९१४ साली कूसेवित्स्कींनी असे आणखी दोन प्रवास केले. दरम्यान १९११ साली स्क्र्याबिन यांची ‘प्रॉमिथ्यूस’ ही भव्य रचना त्यांनी मॉस्कोत प्रथमच सादर केली.

१९१४ साली पहिले महायुद्ध भडकले आणि १९१७ साली रशियात राज्यक्रांती झाली. जुनी राजवट कोसळली. जुन्या श्रीमंतांची मालमत्ताही गेली. कूसेवित्स्कींनी तीन वर्षे पेट्रोग्राड शहरातील सरकारी वाद्यवृंदाचे संचालन केले. परंतु त्या धामधुमीच्या काळात त्यांचे मन तेथे रमेना. १९२० साली, वयाच्या शेचाळिसाव्या वर्षी, पतिपत्नींनी मायदेश सोडला. परक्या मुलखात त्यांना पुन्हा नव्याने आरंभ करावयाचा होता.

पॅरिसमध्ये १९२१ सालापासून त्यांनी आपल्या नावाने मैफिली सुरू केल्या. येथेही त्यांनी जुना बाणा सोडला नाही. रशियन रचनाकार मुसोर्गस्की यांनी १८७४ साली, म्हणजे कूसेवित्स्कींच्या जन्मवर्षी, एका चित्रप्रदर्शनावरून सुचलेली पियानोची एक रचना लिहिली होती. ती वाद्यवृंदासाठी नव्याने मांडावी, असे काम कूसेवित्स्कींनी फ्रेंच रचनाकार मोरिस राव्हेल यांच्यावर सोपविले. १९२२ साली पॅरिसमध्ये ती प्रथम वाजली. पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांतून निघणारे सूर जणू शंभर रंगांनी उजळून निघाले. आज जगातील वाद्यवृंद ही रचना अतिशय आवडीने वाजवितात.

पॅरिसमधील १९२४ सालचा एक प्रसंग मोठा बोलका आहे. स्ट्राव्हिन्स्की यांच्या पियानो व वाद्यवृंदासाठी रचलेल्या नव्या कृतीचे पहिलेच वादन होते. पियानोवर स्वतः स्ट्राव्हिन्स्की आणि संचालनाला कूसेवित्स्की. पहिला भाग संपला. दुसऱ्या भागाचा आरंभ पियानोने व्हावयाचा होता. पण स्ट्राव्हिन्स्कींना स्वतःच लिहिलेले ते सूर काही केल्या आठवेनात. सभागृह भरलेले, श्रोते वाट पाहत असलेले. त्यांनी हळूच आपली अडचण कूसेवित्स्कींना सांगितली. कूसेवित्स्कींनी समोरच्या स्वरलिपीवर नजर टाकली आणि ते पहिले सूर त्यांच्या कानाशी गुणगुणले. तत्काळ सारे आठवले व वादन पुढे सुरू झाले. प्रत्यक्ष रचनाकार आपली रचना विसरला, तरी संचालकाने तिला अंतर दिले नाही.

त्याच वर्षी अमेरिकेतील बोस्टन शहराच्या सिंफनी वाद्यवृंदाने त्यांना आपले संचालक नेमले. हा वाद्यवृंद १८८१ साली स्थापन झाला होता व त्याची मोठी ख्याती होती. कूसेवित्स्कींनी तेथे पंचवीस वर्षे काम केले. इंग्रजी त्यांना तोडकेमोडकेच येई. तालमीत ते फार कडक असत. वादकाकडून चूक झाली, की त्यांचा पारा चढे. स्वतःच्या उणिवाही त्यांना ठाऊक होत्या. संचालनाचे रीतसर शिक्षण त्यांना फारसे मिळाले नव्हते. म्हणून नवी अवघड स्वरलिपी हाती आली, की ते ती एखाद्या पियानोवादकाकडून पुनःपुन्हा वाजवून घेत आणि समोर वाद्यवृंद आहे असे समजून छडी फिरविण्याचा सराव करीत. प्रख्यात झाल्यावरही विद्यार्थ्याप्रमाणे मेहनत करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

त्या काळी अमेरिकेत संगीत म्हणजे युरोपचे संगीत, अशी समजूत होती. अमेरिकेतील तरुण रचनाकारांना आपल्याच देशात कोणी विचारीत नसे. गंमत अशी, की त्यांच्या पाठीवर हात ठेवला तो एका परदेशी माणसाने. आरन कोपलंड हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात जन्मलेला तरुण पॅरिसमध्ये शिकत होता. बोस्टनला जाण्यापूर्वीच कूसेवित्स्कींनी त्याची रचना पियानोवर ऐकली व त्याचे गुण हेरले. १९२५ सालापासून त्यांनी त्याच्या रचना बोस्टनमध्ये वाजविण्यास आरंभ केला. १९२७ साली कोपलंड यांनी स्वतः पियानोवर बसून एक नवी रचना सादर केली. तिच्यात जॅझ या अमेरिकन नीग्रोंच्या लोकप्रिय संगीताचे ताल मिसळलेले होते. बोस्टनचे प्रतिष्ठित श्रोते नाराज झाले. वृत्तपत्रांनी कठोर टीका केली. पण कूसेवित्स्कींनी कोपलंड यांना दूर केले नाही. ते त्यांच्या रचना वर्षानुवर्षे वाजवीतच राहिले. पुढे कोपलंड अमेरिकेचे अग्रगण्य रचनाकार म्हणून मान्यता पावले. रॉय हॅरिस, वॉल्टर पिस्टन, विल्यम शूमन यांसारख्या अनेक अमेरिकन रचनाकारांनाही बोस्टनच्या या व्यासपीठाचा आधार मिळाला.

१९३०-३१ साली वाद्यवृंदास पन्नास वर्षे पुरी झाली. सुवर्णमहोत्सव म्हटला, की भाषणे, मेजवान्या व जुन्या आठवणी यांतच सारा उत्साह सरतो. कूसेवित्स्कींनी मात्र तो नव्या रचनांनी साजरा केला. स्ट्राव्हिन्स्की, प्रोकोफिएव्ह, रूसेल, ओनेगेर, हिंडेमिट, हॅन्सन अशा निरनिराळ्या देशांच्या रचनाकारांकडून या प्रसंगासाठी खास रचना लिहवून घेण्यात आल्या. त्यांपैकी स्ट्राव्हिन्स्की यांची ‘स्तोत्रांची सिंफनी’ अजरामर ठरली.

बोस्टनच्या पश्चिमेस बर्कशायर नावाच्या टेकड्या आहेत. तेथील टँगलवूड हे निसर्गरम्य स्थान १९३७ साली वाद्यवृंदास देणगी म्हणून मिळाले. त्या उन्हाळ्यात तेथे एका मोठ्या तंबूत मैफिली झाल्या. एके रात्री मैफील चालू असता विजांच्या कडकडाटासह असा पाऊस कोसळला, की वाद्यांचा आवाज बुडून गेला व वादन थांबवावे लागले. श्रोत्यांनी तेथेच निधी जमविण्यास प्रारंभ केला आणि पुढच्याच वर्षी सुमारे पाच हजार माणसे बसू शकतील असा पक्का मंडप उभा राहिला. १९४० साली कूसेवित्स्कींनी तेथे संगीताचे उन्हाळी विद्यालय उघडले. रचना शिकविण्यासाठी कोपलंड व हिंडेमिट हे रचनाकार आले. पहिल्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांत लेनर्ड बर्नस्टाइन हा तेजस्वी तरुण होता. पुढे तो जगप्रसिद्ध संचालक झाला. आपल्या गुरूने दिलेली बाहीची बटणे तो मैफिलीच्या वेळी घालीत असे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता हेही १९५८ साली टँगलवूडच्या या विद्यालयात शिकले.

१९४२ हे वर्ष कूसेवित्स्कींच्या आयुष्यात फार कठीण गेले. जानेवारी महिन्यात नतालीबाईंचे निधन झाले. छत्तीस-सदतीस वर्षे सुखदुःखात सोबत करणारी, आपली संपत्ती पतीच्या ध्येयासाठी मोकळ्या हाताने खर्च करणारी ही सहचारिणी गेल्याने ते एकाकी झाले. तिचे स्मारक कसे करावे? दगडी पुतळा उभारण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांनी तिच्या स्मरणार्थ एक संगीतनिधी स्थापन केला. या निधीतून रचनाकारांस मानधन द्यावयाचे व त्यांच्याकडून नव्या रचना लिहवून घ्यावयाच्या, अशी योजना होती.

त्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धामुळे अमेरिकेत पेट्रोलची टंचाई झाली आणि वाद्यवृंदाच्या विश्वस्तांनी टँगलवूडचा उन्हाळी महोत्सव रद्द केला. विद्यालयही बंद पडण्याची वेळ आली. कूसेवित्स्कींनी आपल्या नव्या निधीतून खर्च भागवून विद्यालय चालू ठेवले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तेथील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाने शोस्टाकोविच यांची सातवी सिंफनी सादर केली. रशियातील लेनिनग्राड शहराला तेव्हा शत्रूचा वेढा पडलेला होता आणि ही रचना त्याच शहराला अर्पण केलेली होती. अमेरिकेत प्रत्यक्ष सभेत झालेले तिचे हे पहिलेच वादन. ज्या मायदेशाला कूसेवित्स्की मुकले होते, त्याच्या संकटकाळातील स्वर त्यांनी विद्यार्थ्यांच्या हातून दूरदेशी निनादविले.

निधीच्या साह्याने लिहिल्या गेलेल्या पहिल्या रचनांपैकी एक होती बेंजामिन ब्रिटन या तरुण इंग्रज रचनाकाराची. एका कोळ्याच्या जीवनावर संगीतनाटक लिहिण्याची ब्रिटन यांची मनीषा होती. पण त्यासाठी लागणारी स्वस्थता व पैसा त्यांच्याजवळ नव्हता. निधीने त्यांना एक हजार डॉलर दिले. ‘पीटर ग्राइम्स’ या नावाचे ते संगीतनाटक युरोपातील युद्ध थांबल्यावर महिन्याभराने, ७ जून १९४५ रोजी, लंडनमध्ये रंगभूमीवर आले व अतिशय गाजले. ब्रिटन यांनी ते नतालीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले.

परंतु सर्वांत हृदयस्पर्शी कथा आहे ती बेला बार्टोक यांची. बार्टोक हे हंगेरीचे थोर रचनाकार. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे अभ्यासक जसे खेडोपाडी हिंडतात, तसे हिंडून त्यांनी हजारो लोकगीते जमविली होती. हिटलरच्या सत्तेची छाया मायदेशावर पसरू लागली, तेव्हा १९४० साली ते अमेरिकेत आले. तेथे त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. पैशाची ओढाताण होती, आणि त्यातच असाध्य रोगाने त्यांना ग्रासले. १९४३ साली ते न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात खिळून होते. बरीच वर्षे त्यांनी नवी मोठी रचना लिहिली नव्हती. यापुढे आपल्या हातून काही लिहून होईल, ही आशाही त्यांनी सोडली होती.

व्हायोलिनवादक योझेफ सिगेटी व संचालक फ्रिट्झ राइनर हे बार्टोक यांचे हंगेरियन मित्र. बार्टोक मोठे मानी. मदत म्हणून दिलेला पैसा ते कदापि घेणार नाहीत, हे दोघांना ठाऊक होते. त्यांनी बार्टोक यांना न कळविता कूसेवित्स्कींना ही हकीकत सांगितली. कूसेवित्स्की स्वतः रुग्णालयात गेले. त्यांनी दान देऊ केले नाही; वाद्यवृंदासाठी एक रचना हवी आहे, अशी मागणी केली. मानधन एक हजार डॉलर. बार्टोक यांनी नकार दिला. रचना पुरी होईल याची खात्री नसता पैसे घेणे त्यांना प्रामाणिकपणाचे वाटेना. कूसेवित्स्की मागे हटले नाहीत. निधीचा निर्णय झालेला असून तो आता बदलता येत नाही, असे सांगून त्यांनी निम्मी रक्कम तेथेच ठेवली व ते निघून आले.

त्या भेटीने जे केले, ते औषधांना साधले नव्हते. बार्टोक यांच्या प्रकृतीत हळूहळू उतार पडू लागला. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक या थंड हवेच्या ठिकाणी ते विश्रांतीसाठी गेले, आणि तेथे त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. ऑगस्टच्या मध्यास आरंभ करून ८ ऑक्टोबर १९४३ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, त्यांनी पाच भागांची ती मोठी रचना पुरी केली. तिचे नाव ‘वाद्यवृंदासाठी कन्चेर्टो’. १ डिसेंबर १९४४ रोजी बोस्टनच्या सभागृहात कूसेवित्स्कींनी ती प्रथम वाजविली. वैद्यांची परवानगी घेऊन बार्टोक स्वतः ऐकण्यास आले होते. त्या वेळी श्रोत्यांनी जे स्वागत केले, ते त्यांच्या वाट्याला आयुष्यात फार क्वचित आले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस कूसेवित्स्कींनी ती रचना पुन्हा एकदा वाजविली. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९४५ रोजी, बार्टोक यांचे निधन झाले. पण मृत्यूपूर्वी त्यांनी आणखीही रचना लिहिल्या. रुग्णालयाच्या खाटेवर थांबलेली लेखणी एका विश्वासाच्या शब्दाने पुन्हा चालू झाली होती.

१९४९ साली, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, कूसेवित्स्कींनी बोस्टनचे पद सोडले. फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ यांच्याकडून त्यांनी लिहवून घेतलेली एक विशाल सिंफनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनला प्रथम वाजली. तिचे संचालन त्यांचा शिष्य बर्नस्टाइन याने केले. या रचनेचे नाव ‘तुरंगलीला’. त्यातील दोन्ही शब्द संस्कृत भाषेतून घेतलेले आहेत. गुरूने पेरलेले बीज शिष्याच्या हातून फुलले.

४ जून १९५१ रोजी बोस्टन येथे कूसेवित्स्की मरण पावले. टँगलवूडजवळच्या लेनॉक्स गावी नतालीबाईंच्या शेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांनी स्थापन केलेला निधी त्यांच्या मागेही रचनाकारांना काम देत राहिला. त्या साह्याने लिहिलेल्या रचनांची मूळ हस्तलिखिते वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय ग्रंथालयात जतन करून ठेवण्यात आली.

कूसेवित्स्कींनी वाजविलेली प्रत्येक नवी रचना टिकली, असे नाही. पुष्कळशा रचना काळाच्या ओघात मागे पडल्या. त्यांनाही हे दिसत होतेच. परंतु शेतकरी सारे दाणे उगवतील अशी हमी मिळाल्यावर पेरणी करीत नाही. तो आधी पेरतो, म्हणूनच पीक हाती येते. कोणती रचना चिरकाल टिकेल, हे काळ ठरवितो. पण काळाने निवाडा करण्यापूर्वी ती एकदा तरी माणसांच्या कानी पडली पाहिजे. ती संधी मिळवून देणे, हेच कूसेवित्स्कींनी आपले कर्तव्य मानले. त्यांच्या स्वतःच्या नावावर थोर अशा रचना फारशा नाहीत. तरीही आज एखाद्या सभागृहात राव्हेल यांनी उजळलेली चित्रे किंवा बार्टोक यांचा कन्चेर्टो निनादतो, तेव्हा त्या सुरांमागे न दिसणारा त्यांचा हात असतोच. घराच्या पायाने घर तोलून धरावे तसा.